शून्य पूर्णांक शून्य शून्य आठ

ओरुरोच्या तळ्यावर पहाटे बर्फाची साय धरते.
गमबुटाखाली ती पापडासारखी मोडते
आणि खालचं पाणी वर येतं, वीटकरी.
बाटल्या, टायर, एक पाय नसलेली बाहुली,
आणि या सगळ्यातून डोकं वर काढून तोतोरा.
हिरवा. का, ते त्यालाच ठाऊक.

तिबुर्सियोकाका या लव्हाळ्याच्या होड्या वळायचे.
पेंढीवर गुडघा रोवून, दोरी दातात धरून बोलायचे,
त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणालाच कळलं नाही.
मासे गेले, मग होड्या, मग काका.
विळा माझ्याकडे आला.
धारेपाशी थोडा खाल्लाय, पण कापतो.

विद्यापीठाच्या मागच्या खोलीत मी तोतोरा शिजवते.
सोड्यात चार तास. मग ब्लीच. मग धुणं.
धुवायला पाणी विकत आणावं लागतं,
तळ्याकाठी राहून.
पुढे यंत्र त्याला दाबून दाबून अरुंद फटीतून काढतं
आणि बरणीत उतरते भाताच्या पेजेसारखी एक दाट धूसरता,
बरणी उलटी केली तरी न सांडणारी.
यातला एक धागा मी कधीच पाहिलेला नाही.
केसाचे उभे हजार भाग करा,
त्यातला एक उचलता आला तर तो.

धाग्याच्या अंगावर उणे चिन्हांची लव आहे.
शिसं अधिक. कॅडमियम अधिक.
सातवीत बाईंनी फळ्यावर काढलं होतं,
तेवढंच कामाला आलं.

आई पल्लिरी होती.
खाणीने फेकलेल्या दगडांच्या उतारावर बसून
हातोडीने कथील वेचायची. एकवीस वर्षं.
दगडाने घट्ट धरलेलं सोडवणं, हा तिचा धंदा.
माझा त्याच्या उलट.
तिला सांगितलं, हे धागे शिशाला धरून ठेवतात.
"किती दिवस?" तिने विचारलं.
मी गाळणी बदलण्याचं वेळापत्रक सांगितलं.
"आणि बदललेली?"
मी निळं पिंप दाखवलं. झाकण, कुलूप, कवटीचं चित्र.
ती पिंपाभोवती एक फेरी मारून आली,
भाड्याची खोली बघावी तशी.
"म्हणजे डोंगराचं आता तुझ्या अंगणात.
डोंगराला कळवलंस?"

खाणीच्या फाटकावर मी दोन पत्रं दिली आहेत.
पोच मिळाली. शिक्का चांगला उमटलाय.

गुरुवारी आकडा आला.
विल्बेर टाचांवर उड्या मारत कागद नाचवत आला,
शून्य पूर्णांक शून्य शून्य आठ!
दहापर्यंत चालतं, मी आईला समजावलं,
दहाच्या आत आहे.
तिने बोटं मोडत हिशेब केला.
दगड मोजून पोतं भरणाऱ्या बाईला
कुणी आकडे शिकवू नयेत.
"म्हणजे आठ राहिलेच."

विल्बेर गप्प झाला.
गाळणीतून थेंब पडत होते, एका वेळी एक,
खाली काचेवर टिक, टिक,
कुणालाही घाई नसल्यासारखे.

पेला भरला तेव्हा ती दारात गेली.
आधी पचामामाला, म्हणाली, आणि ओतला.
तिथल्या मातीने तो चव न बघता पिऊन टाकला,
आजवर आमचं सगळंच प्यायली तसा.
ओला डाग थोडा वेळ दिसला. मग वाऱ्याने तोही नेला.

दुसरा पेला तिने उजेडात धरला.
खालून बघितला, वरून बघितला,
नखाने टिचकी मारली.
तिच्या नखांवर आडव्या रेघा आहेत,
दवाखान्यात त्यांचा फोटो काढला होता, उत्तर यायचंय.
"आठ," ती म्हणाली,
बरोबर अर्धा प्यायली,
आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला.
"चार तुझे."